‘आत्ता’ म्हणजे नक्की कधी?

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळचा लेख माझ्या एका चुकीपासून सुरू करते.

मागच्या दत्तजयंतीआधी आपला गुरुचरित्राचा सप्ताह झाला, तो परदेशातल्या मंडळींना फोनवरूनही ऐकता येत होता. त्यांना इंग्रजीतून निरोप पाठवण्याची सेवा माझ्याकडे होती. सप्ताह सुरू झाला त्या दिवशी मी घाईघाईत वर ठळक अक्षरात ‘प्रेझेंटली’ असा शब्द टाकला आणि खाली लिहिलं, ‘गुरुचरित्र पारायण, सर्वांसाठी’. लिंक आधीच्या निरोपात दिलेलीच होती. माझ्या मनात अर्थ एकच होता. प्रेझेंटली म्हणजे सध्या, या घडीला, सुरू आहे.

चौथ्या दिवशी इंग्लंडहून एका काकांचा फोन आला. चाळीसेक वर्षं तिकडेच गेलेली, बोलणं मात्र अजून अस्सल इंदुरी. म्हणाले, “ताई, पारायण कधी सुरू होतंय?”

मी म्हटलं, “काका, आज चौथा दिवस.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच म्हणाले, “तुम्ही प्रेझेंटली लिहिलं होतं ना. आमच्याकडे प्रेझेंटली म्हणजे ‘थोड्या वेळाने’. मी आपला वाट बघत बसलो.”

रागावले नाहीत. उलट तीन दिवसांचे राहिलेले अध्याय त्यांनी रात्री बसून एकट्याने वाचून काढले. पण काकू गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच सप्ताह होता, हे मला नंतर कळलं, आणि तो ‘प्रेझेंटली’ माझ्या मनातून जाईना.

कॉलेजात माझा विषय इंग्रजी होता. वाटलं, इतकी वर्षं आपण हा शब्द चुकीचा वापरत होतो की काय? कपाटातला जुना जाडजूड शब्दकोश काढला. मग जे सापडलं, ते इंग्रजीपुरतं राहिलं नाही. ते सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

*एका शब्दाचा प्रवास*

‘प्रेझेंट’ हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ, समोर असणं, हजर असणं. शाळेत हजेरी घेताना आपण ‘प्रेझेंट सर’ म्हणायचो, तोच. त्यावरून झालेला ‘प्रेझेंटली’ पाचेकशे वर्षांपूर्वी ‘या वेळी’ आणि ‘ताबडतोब’ अशा अर्थांनी वापरात होता. शेक्सपिअरच्या नाटकात कुणी प्रेझेंटली ये म्हणालं, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आत्ताच्या आत्ता ये’ असा असतो.

१६११ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या काळात बायबलचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. त्यात येशूची एक गोष्ट आहे. त्याला भूक लागलेली असते, वाटेवर अंजिराचं झाड दिसतं, पण झाडावर नुसती पानं, फळ एकही नाही. तो त्या झाडाला शाप देतो आणि झाड वाळून जातं. कधी? तर तिथे शब्द आहे, प्रेझेंटली. त्या काळच्या वाचकाला त्यातला चमत्कार बरोबर कळला, शब्द उच्चारताच झाड वाळलं. आज आपले इंग्लंडचे काका तेच वाक्य वाचतील तर त्यांना वाटेल, झाड थोड्या वेळाने वाळलं. आता थोड्या वेळाने काय, पाणी न मिळालेलं कुठलंही झाड वाळतं! एका शब्दाची धार गेली आणि चमत्काराचा चमत्कारच गेला. म्हणून नव्या भाषांतरांमध्ये तिथे ‘तत्क्षणी’ अर्थाचा दुसरा शब्द घालावा लागला.

मधल्या काळात काय झालं? लोक ‘प्रेझेंटली येतो’ म्हणत राहिले आणि उशिरा येत राहिले. ऐकणाऱ्यांनी अनुभवावरून अर्थ बदलून घेतला. ‘ताबडतोब’चा ‘थोड्या वेळाने’ झाला. जुना ‘सध्या’ हा अर्थ मात्र स्कॉटलंडमध्ये टिकला, पुढे अमेरिकेत जोरात चालला आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्ये तर घट्टच बसला. ‘प्रेझेंटली रिसायडिंग ॲट इंदूर’ असं आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. म्हणजे मीही चूक नव्हते आणि काकाही चूक नव्हते. एकच शब्द, माझ्याकडून निघाला तेव्हा ‘आता’ होता, त्यांच्याकडे पोचला तेव्हा ‘नंतर’ झाला.

पुढची गंमत अशी, की हे एकट्या प्रेझेंटलीचं झालेलं नाही. इंग्रजीतला ‘सून’ हा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लगेच’ या अर्थाचा होता. आज त्याचा अर्थ ‘लवकरच’, म्हणजे कधी ते देव जाणे. ‘ॲनन’ म्हणून एक जुना शब्द होता, तोही ‘एका दमात, लगेच’ असा होता, तोही ‘येतोच जरा वेळाने’ झाला. ‘बाय अँड बाय’चीही तीच कथा. जो जो शब्द ‘ताबडतोब’चा म्हणून नेमला, तो तो काही पिढ्यांत ढिला पडला. चांगला कडक इस्त्रीचा शर्ट घालून पाठवावा आणि संध्याकाळी चुरगळून परत यावा, तसं.

(इंग्रजीतली सून आणि मराठीतली सून यांचा काही संबंध नाही, पण दोघींनाही लोक ‘लगेच’ म्हणूनच हाक मारतात, हे मात्र खरं 😊)

*आपल्या घरचे शब्द*

इंग्रजांना हसायच्या आधी आपल्या घरात बघू या.

आपला मूळ शब्द ‘आता’. त्याने काम भागेना म्हणून आपण त्याच्यावर जोर दिला, ‘आत्ता’. तोही पुरेना म्हणून ‘आत्ताच्या आत्ता’. हिंदीत ‘अब’ होता, त्याला ‘ही’ जोडून ‘अभी’ केला. अभीही ढिला पडला, म्हणून ‘अभी के अभी’. आणि आपल्या इंदुरात तर ‘भिया, अब्बी आया’ असं सांगून गेलेला माणूस राजवाड्यावर भेटला, पोहे खाऊन, जलेबी खाऊन, तरी घरी आलेला नसतो! नाण्यात तांबं मिसळत जावं तसा हा प्रकार आहे. नाण्याची किंमत उतरली की जास्त नाणी मोजावी लागतात, तसे आपण एका ‘आता’साठी दोन-दोन आत्ता मोजतो.

मराठीत तर आपण आणखी एक करतो. येण्याच्या आधीच ‘आले, आले’ म्हणतो. क्रियापद भूतकाळाचं, बाई अजून ओट्याशी!

रेल्वेचं तत्काल तिकीट घ्या. ‘तत्काळ’ म्हणजे त्याच वेळी. पण तत्कालचं बुकिंग सुरू होतं गाडीच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० वाजता आणि बाकीचं ११ वाजता. म्हणजे तत्काळचा अर्थ झाला ‘उद्या’, आणि तेही वेटिंग आलं नाही तर.

याउलट ‘सद्यः’ हा संस्कृत शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘त्याच दिवशी, तत्क्षणी’. त्यावरून आपण ‘सद्यःस्थिती’ म्हणतो, तेव्हा ती स्थिती दहा-दहा वर्षं चाललेली असू शकते. आणि रोजच्या बोलण्यातला आपला ‘सध्या’ तर रबरासारखा. ‘सध्या जरा गुडघ्याचा त्रास आहे’ असं आमच्या शेजारच्या काकू मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सांगताहेत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही हसतच होते. पण मग मला पाच सुया आठवल्या.

*पाच सुया*

माझ्या सासूबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर कमी झाली, तरी हात स्वस्थ बसत नाही. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. शिवण त्यांना हाताच्या अंदाजाने जमतं, सुईत दोरा मात्र ओवता येत नाही. मग हाक यायची, “अगं, जरा येतेस का? दोरा घालून दे.”

आणि मी म्हणायची, “आत्ता आले हं, आई.”

खोटं नाही सांगत, प्रत्येक वेळी मनात जायचंच असायचं. पण गॅसवर फोडणी असायची. दारात भाजीवाला असायचा. ह्यांचा फोन असायचा. सत्संगाच्या निरोपांना उत्तरं द्यायची असायची, आणि ती तर सेवा! माझी ती सेवा होईपर्यंत आई सुई हातात धरून बसलेल्या असायच्या. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. कधी मी विसरूनच जायची.

मग काही दिवसांनी हाका बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं, आईंना जमायला लागलं असेल. घर कसं शांत वाटायला लागलं. एका दुपारी त्यांच्या खोलीत चादर बदलायला गेले तर उशीपाशी एक फडक्याचा तुकडा. त्याला ओळीने पाच सुया टोचलेल्या, पाचांतही दोरा ओवलेला. सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशींकडून त्या रोज पाच सुया ओवून घेत होत्या, दिवसभर पुरतील अशा.

मी म्हटलं, “आई, मला हाक मारायची ना.”

त्या हसून म्हणाल्या, “तुझं आत्ता मला माहीत आहे गं.”

टोमणा नव्हता. तसा त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी माझ्या ‘आत्ता’चा शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवून अनुभवातला अर्थ लावला होता, जसा इंग्लंडच्या लोकांनी प्रेझेंटलीचा लावला. फरक एवढाच, की एका देशाला ज्याला शे-दोनशे वर्षं लागली, ते मी एका घरात दोन-तीन वर्षांत करून दाखवलं.

शब्द मोडतो तेव्हा भांडण होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. रागावणारा माणूस अजून आपल्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवून असतो. ज्याची अपेक्षा संपते तो गप्पच होतो, आणि आपल्याला ती घरातली शांतता वाटते.

*हे खोटं बोलणं आहे का?*

हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. आपल्या गुरुवारच्या बैठकीतही विचारला. तिथे दोन मतं पडली.

एका ताईंचं म्हणणं, यात खोटं काही नाही. खोटं बोलणारा फसवायच्या हेतूने बोलतो. आपण तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून ‘आत्ता’ म्हणतो. हेतू चांगला, मग दोष कसला?

दुसऱ्या एका काकांचं म्हणणं, हेतू आपल्याला माहीत असतो, समोरच्याला फक्त शब्द मिळतो. त्याने त्या शब्दावर आपला वेळ लावलेला असतो. वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखं हे आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणून उधारी फिटत नाही.

मला दोन्ही पटलं, पण एक तिसरी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नव्हती. ती घर चालवणाऱ्या बाईलाच दिसेल अशी आहे. सकाळच्या वेळी घरात चार-पाच माणसं, प्रत्येकाचं काहीतरी ‘आत्ता’ असतं. ह्यांना आत्ता डबा, नातवाला आत्ता मोजा, आईंना आत्ता दोरा, गॅसवर आत्ता भाजी. पाच जणांचे पाच आत्ता एकाच बाईच्या एका आत्तात कसे मावणार?

शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’ नाटकाच्या पहिल्या भागात असाच एक पोरगा आहे. खानावळीत दारू वाढणारा फ्रान्सिस. राजपुत्र आणि त्याचा मित्र त्याची गंमत करायचं ठरवतात. राजपुत्र त्याला एका खोलीत बोलण्यात गुंतवतो आणि मित्र दुसऱ्या खोलीतून सारख्या हाका मारतो. तो बिचारा दर हाकेला ‘ॲनन’ म्हणत राहतो, म्हणजे ‘आलोच, आलोच’, आणि शेवटी दोघंही एकदम हाका मारतात तेव्हा कुठे जावं ते न कळून मध्येच खांबासारखा उभा राहतो. कॉलेजात आम्ही हा प्रसंग वाचून खूप हसलो होतो. संसाराची तीस वर्षं झाल्यावर परवा पुन्हा वाचला, तेव्हा हसू नाही आलं. मला तो फ्रान्सिस ओळखीचा वाटला.

तर खोटा ‘आत्ता’ नेहमी आळसातूनच येतो असं नाही. पुष्कळदा तो येतो ‘नाही’ म्हणता न येण्यातून. ‘आई, आत्ता नाही, अर्ध्या तासाने’ असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण सुनेने ‘नाही’ म्हणायचं नसतं असं आपल्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून आपण गोड शब्द देतो आणि तो पाळत नाही. हाक मारणाऱ्यांनीही हे जरा ध्यानात घ्यावं, की एका माणसाला एकाच वेळी पाच ठिकाणी हजर राहता येत नाही. मोजा नातवालाही शोधता येतो, आणि डबा ह्यांनाही भरता येतो 🙏

पण एवढं सगळं माझ्या बाजूने मांडूनही त्या पाच सुया तशाच राहतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं कसं असावं? उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं. आपण हे चारही गुण एकत्र असावेत असं वाचतो आणि घरी आल्यावर त्यातला ‘प्रिय’ तेवढा उचलतो. माझं ‘आत्ता आले हं’ प्रिय होतं. उद्वेग आणणारंही नव्हतं. पण सत्य नव्हतं, आणि म्हणूनच हिताचंही नव्हतं. आईंना खरं कळलं असतं, की मी अर्ध्या तासाने येणार आहे, तर त्यांनी सुई खाली ठेवून जपाची माळ घेतली असती, जरा पडल्या असत्या. माझ्या गोड शब्दाने त्यांना नुसतं ताटकळत ठेवलं. ‘अर्ध्या तासाने येते’ हे ऐकायला क्षणभर कोरडं लागतं, पण ते ऐकणाऱ्याचा अर्धा तास त्याला परत देतं.

*घड्याळाचा शब्द*

यावर उपाय काय? शब्दाला आणखी जोर देऊन उपयोग नाही, ते आपण वर पाहिलंच. उपाय एकच दिसतो, वेळ सांगावी आणि ती पाळावी.

आपल्याच प्रांतातलं मोठं उदाहरण देवी अहिल्याबाईंचं. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी महेश्वराहून कारभार केला. जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात माहिती गोळा करून १८२३ साली आपलं पुस्तक छापलं, त्यात त्यांचा दिनक्रम दिला आहे. पहाटेपूर्वी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात येऊन साधारण सहापर्यंत काम. मग पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि थोडा फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कारभार. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला त्या स्वतः भेटत. आता विचार करा, दूरच्या खेड्यातून पायी आलेल्या माणसाला ‘लवकरच सुनावणी होईल’ असं ऐकायला मिळणं, आणि ‘दोन वाजता बाईसाहेब दरबारात येतात’ हे ठाऊक असणं, यात किती अंतर आहे! आपल्या प्रत्येक कृतीचा जाब देवाला द्यायचा आहे, असं त्या मानत, हेही माल्कमने नोंदवलं आहे. पूजा दोन्ही वेळा होती, पण पूजेमुळे दरबार ताटकळत नव्हता. माझ्यासारख्या सेवेच्या नावाखाली सुया विसरणाऱ्या बाईने हे वाचावं आणि गप्प बसावं.

आणि अगदी अलीकडचं, तेही आपल्याच मध्य प्रदेशातलं. सरकारी कामात ‘शीघ्र’, ‘यथाशीघ्र’, ‘अविलंब’ हे शब्द आपण किती ऐकले! २०१० साली आपल्या राज्याने लोकसेवा हमी कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यात प्रत्येक नेमलेल्या सेवेसाठी दिवस ठरवून दिले, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुढे २०१५ साली महाराष्ट्रानेही सेवा हक्काचा कायदा केला. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. ‘शीघ्र’ या शब्दाला कुणी जाब विचारू शकत नाही, ‘पंधरा दिवस’ या शब्दाला विचारू शकतं.

आपले गुरुमहाराजही सेवेकऱ्याला ‘करशील ना?’ असं विचारत नसत. ‘किती वाजता करशील?’ असं विचारत. तेव्हा आम्हाला हसू यायचं. आता कळतं.

*आपला स्वतःचा ‘सध्या’*

शेवटी जे सांगायचं ते आपल्या साधनेबद्दल.

ब्रह्मसूत्रं आणि योगसूत्रं, दोन्हींचा पहिला शब्द एकच आहे, ‘अथ’. साधा अर्थ, आता. पण या एका ‘आता’वरही आचार्यांनी किती विचार केला आहे! योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात म्हटलं आहे, की इथे ‘अथ’ म्हणजे विषयाला आरंभ होतो आहे. आणि ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात, की तिथे ‘अथ’ म्हणजे ‘त्यानंतर’. कशानंतर? तर विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ, एवढी तयारी झाल्यानंतर.

मला हे वाचून मोठा दिलासा वाटला होता. म्हटलं, बघा, आचार्यही ‘नंतर’ म्हणतात! पण मग ती यादी पुन्हा वाचली. त्यात ‘ह्यांच्या निवृत्तीनंतर’ नाही. ‘मुलांची लग्नं झाल्यावर’ नाही. ‘घराचं रंगकाम उरकल्यावर’ तर नाहीच नाही. आचार्यांचा ‘नंतर’ म्हणजे तयारी, आणि ती तयारी आज करायची असते. माझा ‘नंतर’ म्हणजे नुसती पुढची तारीख.

युधिष्ठिराची एक गोष्ट सांगतात. कुणी याचक आला तेव्हा तो कामात होता, म्हणाला, उद्या ये. भीमाने जाऊन नगारा वाजवायला सुरुवात केली. कशाचा आनंद, असं विचारलं तर म्हणाला, दादाने काळ जिंकला, उद्यापर्यंत आपण जिवंत राहणार हे त्याला नक्की कळलं आहे! धर्मराजाला चूक कळली आणि त्याने याचकाला परत बोलावलं. आपल्या घरात भीम नसतो. नगारा वाजत नाही. सगळं गुपचूप होतं, सुया आपोआप ओवल्या जातात आणि आपल्याला काही कळतही नाही.

आपण सद्गुरूंसमोर हात जोडून किती वेळा म्हणतो, ‘सध्या जमत नाही, पण लवकरच नियमाने बसेन.’ ते काही बोलत नाहीत. मी आजवर त्या न बोलण्याला त्यांची क्षमा समजत आले. आईंचा तो गप्पपणा पाहिल्यापासून मला जरा भीती वाटते.

*या पंधरवड्याचा संकल्प*

फार मोठं काही नको. या पंधरा दिवसांत एवढंच करू या.

१. ‘आत्ता’ हा शब्द तेव्हाच वापरायचा, जेव्हा बोलता बोलता आपण उठलेले असू.

२. नाही तर वेळ सांगायची. ‘दहा मिनिटांनी’, ‘भाजी उतरवली की’, ‘आज नाही, उद्या सकाळी नऊला’. आणि जमणार नसेल तर प्रेमाने ‘नाही जमणार’ म्हणायचं. हाक मारणाऱ्यानेही ते प्रेमाने ऐकायचं.

३. जपाला ‘सकाळी कधीतरी’ असं न ठेवता एक वेळ ठरवायची. पाच मिनिटं का होईना.

माझं सांगते. आईंना मी आता घड्याळ बघून वेळ देते. बऱ्याचदा पाळते, कधी चुकते. चुकले की त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं बोट करतात आणि दोघी हसतो. मावशींकडून सुया ओवून घेणं अजून थांबलेलं नाही. पण परवा दुपारी बऱ्याच महिन्यांनी हाक आली, “अगं, येतेस का जरा?” मी दूध आचेवरून उतरवलं, गॅस बंद केला आणि मग उत्तर न देता आधी गेले.

येत्या दत्तजयंतीच्या सप्ताहाचा इंग्रजी निरोपही मीच लिहिणार आहे. त्यात प्रेझेंटली नसेल. ‘भारतात संध्याकाळी ५, इंग्लंडमध्ये सकाळी ११.३०’ असं असेल. काकांना मी तसं आधीच कळवलं आहे.

काही चुकलं असेल तर लहान समजून सांभाळून घ्या. तुमचे अनुभव जरूर कळवा. कधी कळवताय, तेही सांगा 🙏

जय गुरुदेव.

— एक सेविका, इंदूर